शिवणाच्या बाईंचा चौरस फूट

कर्जतच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी माझं शिक्षण विचारलं, क्लार्कनं जन्मतारीख विचारली आणि शिवणाच्या बाईंनी विचारलं, "खोली केवढी घेतलीस गं?"

"बरी आहे," मी म्हटलं. "एकटीला पुरते."

"बरी म्हणजे किती बाय किती?"

मला ठाऊक नव्हतं. मी मुलींना शास्त्र शिकवायला आले होते, पण आपण राहतो त्या खोलीचं माप घ्यावं असं कधी मनात आलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि त्याच संध्याकाळी भिसेगावात माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चहा नको, पाणी नको. भिंतीच्या कडेनं एक फेरी, मग आडवी दुसरी.

"दहा बाय बारा. एकशे वीस फूट. भाडं?"

"तीस रुपये."

"चार आणे फूट!" बाई ओरडल्या. "अगं, भिसेगावात साडेतीन आण्यांच्या वर कुणी तोंड उघडत नाही. लुटलं की तुला!"

घरमालक खालीच राहत होते आणि बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला तयार झालेला. भाडं काही कमी झालं नाही. मालकीणबाई मात्र पुढं सहा महिने माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि नळाचं पाणी आधी कुणी भरायचं हा प्रश्न त्या दिवशी कायमचा त्यांच्या बाजूनं सुटला.

ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. तेव्हा आमच्याकडं चौरस फूट फक्त गणिताच्या पुस्तकात असायचा. जमीन गुंठ्यानं मोजायची आणि घर खणानं. छताच्या दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तीन खणांचं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी. पाच खणांचं असलं तर मुलगी द्यायला हरकत नाही. आता हा खण कुणाचा सात फुटांचा असे तर कुणाचा नऊ. ते विचारायची रीत नव्हती. बाईंना हा सगळाच प्रकार लबाडीचा वाटे. "खण म्हणजे माप नव्हे, थाप," असं त्या म्हणायच्या. त्यांना लांबी लागे, रुंदी लागे, दिलेली रक्कम लागे, आणि मग त्या डोळे मिटून तोंडातल्या तोंडात भागाकार करत. भागाकार संपला की डोळे उघडत आणि भाव सांगत. समोरच्या माणसाला तो ऐकायचा आहे की नाही, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

अंगानं किडकिडीत, उंची जेमतेम पाच फूट, सुती पाचवारी, पदर खोचलेला. गळ्यात शिवणाची टेप. मंगळसूत्र नव्हतं, आणि का नव्हतं हे कुणी विचारत नसे. ज्या बाईनं आपल्याला विचारायचं काहीच शिल्लक ठेवलेलं नाही, तिला आपण उलट काय विचारणार? मुलींनी त्यांचं नाव 'फूटबाई' ठेवलं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर कोटी व्हायची की बाई जातील त्या घरात फूट पाडतात. ही कोटी हेडमास्तरांची. ते ती दर तिमाहीला एकदा करत आणि आम्ही दर तिमाहीला हसत असू.

गावात कुणाचं नवं घर झालं, वास्तुशांत ठरली, की बाईंना बोलावणं लागत नसे. त्या जात, यजमानीणबाईंच्या हातावर घरी शिवलेली पिशवी ठेवत, तीर्थप्रसाद घेत आणि विचारत, "काय भावानं पडलं?" कुणी आढेवेढे घेतले तर म्हणत, "भाव तिथं देव ना? मग सांगायला लाज कसली?" सुतकाच्या घरी मात्र त्या कधी मोजत नसत. तेवढा पाचपोच त्यांना होता. तेरावं झालं की मोजत.

चारचौघांत टेप काढणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी पायाचं माप बसवलं होतं. त्यांचं पाऊल बरोबर नऊ इंच. चार पावलं म्हणजे तीन फूट. टाचेला अंगठा लावून भिंतीकडेनं चालायचं आणि मोजायचं. भिसेगावातल्या एका रेल्वे गार्डांच्या घरच्या सत्यनारायणाला मी त्यांच्याबरोबर होते. हातात शिऱ्याचा द्रोण, नजर खाली, ओठ पुटपुटत आहेत, टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. गार्डांच्या म्हाताऱ्या आईनं ते पाहिलं. तिला वाटलं, मास्तरीणबाई आहेत, शिकलेल्या आहेत, काहीतरी विधी असणार. ती हात जोडून बाईंच्या मागं टाचेला अंगठा लावून चालू लागली. तिच्या मागं दोन सुना, सुनांच्या मागं शेजारीण. बघता बघता सात बायकांची रांग झाली. बाईंना मागं वळून पाहता येईना, कारण मोजणी चुकली असती.

भिंत संपली तेव्हा म्हातारीनं अदबीनं विचारलं, "बाय, किती घालायच्या गं?"

बाई हिशेबात होत्या. "बावीस," त्या म्हणाल्या. ती त्या भिंतीची लांबी होती.

सातही जणींनी बावीस फेऱ्या पुऱ्या केल्या. गुरुजी आरतीसाठी ताटकळले. नंतर बाईंना मी रस्त्यात म्हटलं, की निदान पाच तरी सांगायचं! तर म्हणाल्या, "खोटं माप कसं सांगू?" पुढं भिसेगावातल्या आणखी दोन वास्तुशांतींना बायकांना टाचेला अंगठा लावून फेऱ्या घालताना मी स्वतः पाहिलं आहे. किती घालायच्या याबद्दल मतभेद नव्हता.

हे सगळे भाव त्या लिहून ठेवत. वही नव्हती. शिवणाच्या तासाला कपड्यांचे नमुने कापायला शाळा खाकी कागद देई. वापरून झालेले नमुने बाई घरी नेत आणि त्यांच्या पाठीवर लिहीत. त्यांच्या खोलीत खिळ्याला ते ओळीनं टांगलेले असायचे. झबल्याच्या पाठीवर भिसेगाव. परकराच्या कळीवर स्टेशनची बाजू, कारण तिथं घरं जास्त, कागद मोठा लागे. कशेळ्याला तेव्हा घरं विकली जायचीच कुठं? म्हणून कशेळं टोपड्यावर मावलं होतं. कुणी घर विकायला किंवा घ्यायला काढलं की आधी बाईंकडं येई. बाई झबलं खाली काढत, चष्मा लावत आणि गेल्या चार वर्षांत त्या गल्लीत काय काय झालं ते वाचून दाखवत. एक पैसा घेत नसत. एकदा सातवीतल्या एका पोरीनं चुकून स्टेशनच्या बाजूवरून खरोखरीचा परकर कापला आणि पेन्सिलीचे आकडे कापडावर उमटले, तेव्हा बाईंनी तो परकर तिच्याकडून मागून घेतला होता.

मीही त्यांना चिडवत असे. "बाई, लग्न ठरतंय माझं," एक दिवस सांगितलं, तर त्यांनी मुलाचं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. "झोपलेल्या माणसाला अठरा फूट लागतात," म्हणाल्या, "सहा बाय तीन. नवऱ्याला चोवीस धर. ते आडवे पसरतात." लग्नानंतर पाहिलं तर हे तंतोतंत खरं निघालं. म्हणजे मापाच्या बाबतीत बाई कधी चुकत नसत.

मग ऐंशीच्या पुढं कर्जतला बिल्डर आले. पहिला आला तो डोंबिवलीकडचा, सफारीतला, हातात रंगीत छापील पत्रक. त्यात लिहिलं होतं, अमुक इतके फूट बिल्ट-अप, अमुक इतके कार्पेट. हेडमास्तरांच्या मिसेसनी ते वाचून शेजारणींना सांगितलं की फ्लॅटबरोबर गालिचा देणार आहेत. तीन घरांत रंगावरून चर्चा झाली. शेवटी प्रकरण शिक्षकांच्या खोलीत आलं आणि बाईंनी खुलासा केला.

"बिल्ट-अप म्हणजे तुम्ही दुकानातून आणलं ते कापड," त्या म्हणाल्या. "कार्पेट म्हणजे अंगावर आला तो झंपर. मधलं कापड कुठं गेलं? शिवणीत, पट्टीत, कतरणीत. भिंती म्हणजे शिवण. शिवण लागते, नाही कोण म्हणतं? पण किती, ते शिंप्यानं आधी सांगायला हवं."

इतकं सोपं करून मला कॉलेजातही कुणी काही शिकवलं नव्हतं. आम्ही नवरा-बायकोनं त्याच बिल्डरकडं फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा बाईंना पुढं घातलं. बिल्डर म्हणाला, साडेचारशे फूट. बाई टेप घेऊन गुडघ्यावर बसल्या. भिंतींचं प्लॅस्टर अजून ओलं होतं. उठल्या तेव्हा पदर चुन्यानं भरलेला.

"तीनशे अडतीस," बाई म्हणाल्या. "एकशे बारा फूट शिवणीत? भाऊ, एवढी शिवण टाकून माझ्या पोरींनी झंपर आणला तर मी तो उसवून टाकायला लावते."

बिल्डर हसला, मग हसायचा थांबला, मग फुटामागं पाच रुपये कमी केले. पुढं तो दर दिवाळीला बाईंच्या खोलीवर फराळाचा डबा पाठवायचा. बाई डबा ठेवून घेत आणि भाव जसा आहे तसाच लोकांना सांगत.

त्यांची स्वतःची खोली मात्र स्टेशनच्या मागं भाड्याची, नऊ बाय दहा. त्यात शिवणयंत्र, खाट, स्टो आणि भिंतीवर सगळा कर्जत तालुका. "बाई, सगळ्यांना घरं घेऊन दिलीत, स्वतः कधी घेणार?" असं कुणी म्हटलं की "घेऊ की" म्हणत आणि दुसऱ्याच कुणाच्या घराचा विषय काढत. आम्हांला वाटायचं, कंजूष आहेत. मला वाटायचं, हे मी कबूल करते.

एका रविवारी मी ब्लाउजचं माप द्यायला त्यांच्याकडं गेले होते. दार वाजलं आणि एक पन्नाशीकडं झुकलेला गृहस्थ आत आला. हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेढ्यांची पुडी. बाईंनी ओळख करून दिली: खालापूरचा धाकटा भाऊ, अनंता. बाईंना भाऊ आहे हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. आणखी एक कळलं. शाळेत छापील मराठी बोलणाऱ्या बाई भावाशी निराळ्याच बोलत.

"ताय, एक सई पायजे गं," तो खाटेच्या कडेवर बसत म्हणाला.

"कसली रं सई?"

"घराची. आपलं घर इकतोय. पनवेलला जागा बघितलीय, पोरांना कालेज जवळ पडंल. गिऱ्हाईक मुंबईचं हाय. त्याचा वकील म्हनतो, घर बापाच्या नावावर हाय, तवा बहिनीचं हक्कसोड पायजे. तेवढी सई केलीस की झालं."

त्यानं घडी केलेला स्टॅंपपेपर मशीनवर ठेवला आणि त्यावर पिशवीतून काढून एक साडी आणि चोळीचा खण ठेवला. बहिणीनं वडिलांच्या घरावरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिला साडी-खण द्यायचा, ही आमच्याकडची रीत. कुठलीही बहीण त्यावर बोलत नाही. बोलली तर माहेर तुटतं. साडी चांगली होती. जांभळी, बारीक काठाची.

बाईंनी साडी उलगडली. मला वाटलं, रंग बघताहेत. त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"पाच वार. पन्हा पंचेचाळीस इंच," त्या म्हणाल्या. "सव्वा छप्पन फूट. बाबांचं घर किती खनांचं रं?"

"चार."

"बाबांची पोरं किती?"

"दोन. तू नि मी."

"मंजी माझे किती?"

अनंता पेढ्यांच्या पुडीचा दोरा सोडू लागला.

"दोन," बाई म्हणाल्या. "घराचे दोन खन घेतोस आनि चोळीचा एक खन देतोस, अंता?"

मी हसले. बाईंच्या मापांना हसायची बारा वर्षांची सवय होती. मग बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी खाटेवरची गादी वर केली. खाली एक खाकी कागद होता, घड्यांवर फाटलेला. पुरुषाच्या सदऱ्याची बाही. पाठीवर पेन्सिलीनं काढलेलं एकच घर.

पुढचं त्या मला सांगत होत्या की भावाला, कोण जाणे. लग्न झालं होतं त्यांचं. आठ महिन्यांत परत आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. वडील ओटीवर मशीन घालून बसत, खालापूरच्या अर्ध्या लोकांचे सदरे शिवत, त्यातूनच त्यांनी ते घर उभं केलेलं. बाई त्यांच्याजवळ काज-बटण करत बसायच्या. मग अनंताचं लग्न झालं. आणि महिन्याभरानं एका सकाळी अनंता म्हणाला, ताय, घरात जागा नाय गं.

"मला खरं वाटलं," बाई म्हणाल्या. "मानूस आपला, खोटं कशाला बोलंल? दुपारी सगळी शेजारी हळदीला गेली. मी बाबांची टेप घेतली नि घर मोजलं. बत्तीस बाय वीस. सहाशे चाळीस फूट. मानसं पाच. एकेकाला एकशे अठ्ठावीस." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "व्हती की रं जागा, अंता. एकशे अठ्ठावीस फूट व्हती माझी."

"मी तवा वीस वर्सांचा व्हतो गं, ताय."

"हां. नि मी तेवीसची."

त्या संध्याकाळी बाई एक पिशवी घेऊन कर्जतला आल्या होत्या. तेव्हापासून कुणी कुठल्या घराबद्दल काहीही म्हटलं, लहान म्हटलं, मोठं म्हटलं, की त्या आधी मोजून बघत. आम्ही त्याला खूळ म्हणत होतो. मी म्हणत होते.

बाईंनी स्टॅंपपेपर घडी करून भावाच्या हातात दिला. "हक्क सोडल्याची सई नाय करनार. हक्क इकल्याची करीन. घर खुशाल इक. पन कागदावर 'लिहून देणार' म्हनून आपली दोघांची नावं पायजेत. तुझं वर, माझं खाली असलं तरी चालंल. पैसे निम्मे."

अनंता उठला. चहा गाळून ठेवला होता, तो तसाच राहिला. साडी न्यायची की ठेवायची हे त्याला कळेना. शेवटी ठेवून गेला.

गोष्ट शाळेत पसरली. मी कुणाला सांगितली नव्हती, म्हणजे एकदोघींनाच सांगितली होती. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून समजावलं. "बाई, पैसा काय, येईल-जाईल. या वयात माहेर तोडू नका."

"सर," बाईंनी विचारलं, "माहेर किती चौरस फुटांचं असतं?"

हेडमास्तरांनी ही कोटी समजून हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

बोलल्या खऱ्या, पण बाई खचल्या होत्या. खालापूरहून तीन आठवडे चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्या मधल्या सुट्टीत फाटकाकडं बघत बसायच्या. गळ्यातली टेप टेबलाच्या खणात गेली. भिसेगावात एका घराची वास्तुशांत झाली, तिथं बाई सतरंजीवर बसून गुपचूप प्रसाद खाऊन आल्या. किती फूट ते विचारलंसुद्धा नाही. त्या नव्या घराचा मालकच येऊन मला म्हणाला, "बाईंची तब्येत बरी हाय ना?" मला मनातून वाटू लागलं होतं, की करावी बाईंनी ती सही. सहाशे चाळीस फुटांचं घर तसंही जाणारच होतं. निदान राखी बांधायला कुणी राहील.

चौथ्या आठवड्यात कार्ड आलं. दोनच ओळी. बुधवारी खालापूरच्या कचेरीत ये. ओळख द्यायला कुणीतरी बरोबर आण.

मी रजा टाकून गेले. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून टंकलेखक बसला होता. अनंता आधीच आलेला, मुंबईचं गिऱ्हाईकही. भाऊ-बहीण एकमेकांकडं न बघता उभे राहिले. बाईंनी चष्मा लावून मसुदा वाचायला घेतला. 'लिहून देणार' खाली दोघांची नावं होती. बाईंनी तिथं बोट ठेवलं आणि पुढं वाचत गेल्या. क्षेत्रफळ 'अंदाजे सहाशे' लिहिलं होतं, तिथं मात्र त्या थांबल्या. "अंदाजे काय? सहाशे चाळीस. मी मोजलंय." मागची पडवी धरलीच नव्हती, ती धरायला लावली. मग डोळे मिटून भागाकार केला आणि भावाला म्हणाल्या, "भाव बरा हाय. दोन रुपयं कमी हाय, पन बरा हाय." अनंताला हसू फुटलं. त्या चार आठवड्यांत मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

त्या पैशांतून बाईंनी पुढं भिसेगावात एक खोली-स्वयंपाकघर घेतलं आणि त्याच सफारीवाल्या बिल्डरला पायरीपायरीचा हिशेब मांडून रडकुंडीला आणलं, पण ते नंतरचं.

टंकलेखक नवा कागद चढवून एकेक विचारू लागला. नाव सांगितलं. वय सांगितलं. धंदा? शिक्षिका.

"राहणार?"

बाई चष्मा सारखा करू लागल्या.

"राहणार कुठं, बाई? काय लिहू?"

कर्जत म्हणायचं होतं फक्त. तीस वर्षं बाई कर्जतला राहत होत्या. पण त्यांच्या तोंडून ते निघेना. कर्जत म्हटलं असतं तर या घराशी आपला संबंध फक्त विक्रीपुरता, असं स्वतःच लिहून दिल्यासारखं झालं असतं. आणि खालापूर म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं? तिथं राहू दिलंच कुठं होतं? तालुक्यातल्या कुठल्याही दाराचं माप तोंडपाठ असलेल्या बाई टंकलेखकाच्या यंत्राकडं बघत उभ्या राहिल्या.

"खालापूर लिवा," अनंता म्हणाला.

टंकलेखकानं मान वर केली. "तुमचं लिहिलंय हो. यांचं विचारतोय."

"तेच सांगतोय. दोघंबी राहनार खालापूर. सई व्हईस्तवर तिचं घर हितंच हाय." आणि मग बाईंकडं न बघता, खालच्या आवाजात, "तवा बी व्हतं. मी खोटं बोललो व्हतो, ताय."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग सही केली.

काम आटोपलं तेव्हा दुपार झाली होती. किल्ली संध्याकाळी द्यायची ठरलेली. वहिनी आणि मुलं आधीच पनवेलला गेली होती. अनंता म्हणाला, "चल ताय, घरी चल." आम्ही तिघं गेलो. घर रिकामं, झाडलेलं. मला धास्ती होती की आता बाई टाचेला अंगठा लावतात. त्या नुसत्या चालत आत गेल्या, चारी खणांतून फिरून आल्या आणि ओटीच्या आतल्या बाजूला गार फरशीवर बसल्या.

"जरा पडते गं," मला म्हणाल्या. पर्स उशाला घेतली, कुशीवर वळल्या, आणि दोन मिनिटांत घोरू लागल्या. शाळेत परीक्षेच्या देखरेखीतसुद्धा डोळा न लागू देणारी ती बाई हात-पाय पसरून अठरा फुटांपेक्षा बरीच जास्त जागा घेऊन झोपली होती. अनंतानं खिडकीची फळी लोटून त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि येऊन पायरीवर बसला.

चारच्या सुमारास ते मुंबईचं गिऱ्हाईक आलं. बरोबर गवंडी, गवंड्याच्या हातात टेप. "किल्ली नंतर द्या," तो म्हणाला, "फक्त आतली मापं घेऊन जातो. दहा मिनिटं."

अनंता उठून दारात आडवा उभा राहिला.

"आज नाय," तो म्हणाला. "हळू बोला. बहीन निजलीय घरात."

ते दोघं अंगणात जरा घुटमळले आणि उद्या येतो म्हणून गेले. आमची कर्जतची पावणेपाचची एस.टी. आली, भोंगा वाजवून निघून गेली. मी बाईंना उठवलं नाही.